पडलेला पाव

क्रोस्नो, १९ सप्टेंबर २०१८

मार्झेना,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

बातमी अशी की तुझा भाऊ सोमवारपासून कामाला जातो. खरं काम. रेगिनाबाई शाफ्रान यांच्या बेकरीत, सकाळी सात ते अकरा. स्ताशामावशी तुला तिखटमीठ लावून कळवणारच, त्याआधी माझ्याकडून कळावं एवढ्यासाठी लिहिते आहे. तुला आनंद व्हावा म्हणून नाही.

जूनमध्ये माझं खुब्याचं ऑपरेशन झालं. कळवलं नाही. कळवून काय झालं असतं? तू पार नॉर्वेतून, बर्गनहून येऊन उशाशी बसली असतीस असं वाटत नाही, आणि बसली असतीस तर आपण भांडलो असतो. मी सोळा दिवस दवाखान्यात होते. तेवढे दिवस लुद्विकला त्याच्यासारख्यांच्या संस्थेच्या घरात ठेवलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशिवाय झोपला. मला वाटलं होतं रडून गोंधळ घालेल. परत आला तो वजन वाढवून, आणि एका मुलीला बरोबर घेऊन.

मुलगी म्हणजे तसलं काही नाही. तिचं नाव कालिना. सव्वीस वर्षांची आहे, केसांची टोकं हिरवी. लुद्विकसारख्यांना खरी नोकरी शोधून द्यायची, मग स्वतः त्यांच्याबरोबर त्या कामावर जायचं, शेजारी उभं राहून शिकवायचं आणि हळूहळू मागे सरकत एक दिवस निघून जायचं, हा तिचा धंदा. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे. मी तिला सोबतीण म्हणते. माझ्याच स्वयंपाकघरात बसून ती माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलायला लागली.

"लुद्विक, तुम्हाला कसलं काम करायला आवडेल?"

तो इकडेतिकडे बघायला लागला, हे 'तुम्ही' कोण म्हणून.

"मी सांगते," मी म्हटलं, "त्याला गर्दी सोसत नाही, आणि—"

"आई, ती मला विचारतेय," लुद्विक म्हणाला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "पाव."

कुबड्या नसत्या तर मी तिला जिन्यापर्यंत पोचवून आले असते. पण कुबड्या होत्या, आणि कोळशाची बादली कोण आणणार, औषधं कोण आणणार, असे पन्नास प्रश्न होते, आणि ती मुलगी न सांगता बादली घेऊन आली. केली तिच्या कागदावर सही.

सहा वर्षांपूर्वी तूही त्याला कामाला लावायचा असाच कागद घेऊन आली होतीस ते मला आठवतं. तेव्हा लुद्विकनेच नको म्हटलं होतं, हे तुलाही आठवत असेल. बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या जेवणावर सगळ्यांसमोर तू मला विचारलंस, "तू मेल्यावर याचं कोण करणार?" सूप वाढायचा डाव माझ्या हातात होता. मी तुला दार दाखवलं, आणि तू खरंच गेलीस.

डॉक्टरांनी १९८८ साली त्याची बुद्धी पाच वर्षांच्या मुलाएवढी आहे आणि फार तर आठ वर्षांएवढी होईल असं लिहून दिलं. त्यात अजून कुणी खाडाखोड केलेली नाही. तीन महिने त्याला बघणार आहेत, मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. माझ्या मते आठवडाभर टिकेल.

आई


क्रोस्नो, २१ ऑक्टोबर

मार्झेना,

आठवडा नाही, पाच आठवडे झाले. चुकलं तर चुकलं म्हणावं, म्हणून लिहिते.

काम सांगते. भट्टीवरून ट्रे येतात. त्यातले छोटे पाव उचलून क्रेटमध्ये लावायचे, क्रेट दाराशी रचायचे, साडेआठला गाडी येते ती दुकानांना घेऊन जाते. मग रिकामे ट्रे पुसायचे. बस. कालिनाने एकेका कामाचे फोटो काढून एका पट्टीवर ओळीने चिकटवले आणि ती पट्टी भिंतीवर लावली. पहिल्या फोटोत लुद्विक हात धुतोय, दुसऱ्यात टोपी घालतोय, तिसऱ्यात पाव उचलतोय. त्याला मोजता येत नाही, म्हणून क्रेटच्या तळाशी ठिपके काढलेला कागद घातला होता. ठिपका दिसला की त्यावर पाव. आता कागद काढला तरी चुकत नाही. प्रत्येक पावाची भेग एकाच दिशेला असते. तसं करायला कुणी सांगितलेलं नाही.

भट्टीवर झेनोन नावाचा माणूस आहे, तीस वर्षं तिथेच उभा असलेला. त्याच्या तोंडाला लगाम नाही.

"लुद्विक, हे पाव आहेत की पलटण?"

"पाव आहेत."

"मग जरा वाकडेतिकडे लाव रे बाबा. गिऱ्हाईक सलाम ठोकेल."

"वाकड्याचा फोटो नाही," लुद्विकने पट्टीकडे बोट दाखवलं.

हे मला कालिनाने सांगितलं. तो स्वतः घरी तोंड उघडत नाही. आज काय केलंस विचारलं तर म्हणतो, "ते बेकरीचं आहे." जणू बँकेची तिजोरी सांभाळतो. पांढरी टोपी मात्र डोक्यावरून उतरत नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही घालून आला. फादरांनी प्रवचन मधेच थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघा, बघा.

पहिले दोन आठवडे कालिना त्याच्या कोपराशी उभी होती. मग दाराशी उभी राहायला लागली. आता पुढच्या दुकानात कॉफी पीत बसते आणि अधूनमधून डोकावते. हीच तिची पद्धत. दर आठवड्याला चार पावलं मागे.

मी त्याच्या मागोमाग बसने जाते असं स्ताशाने तुला कळवलं असेल तर त्यात तथ्य नाही. बेकरीसमोर एक टपरी आहे, तिथे मी तिकिटं घ्यायला जाते. पत्राला लागतात ती. रोज एक घेते, एकदम घेऊन ठेवली तर हरवतात.

सकाळी साडेपाचला घड्याळ लावून उठतो. कोटाची बटणं मला लावू देत नाही. दोनदा माझा हात बाजूला केला. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा जोरात. सहा वाजता दार लागतं आणि मग मी आणि चहा. पाच-सहा तास काय करायचं असतं गं माणसाने? मला सांगशील तर बरं, तुला एकटीने राहायची सवय आहे.

आई


क्रोस्नो, १८ नोव्हेंबर

मार्झेना,

झालं ते असं. परवा कालिनाचा फोन आला. तिचा आवाज ऐकूनच मी खुर्ची ओढून बसले.

क्रेट भरताना कधी एखादा पाव जमिनीवर पडतो. पडणारच. तो उचलायचा, कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, हात धुवायचे, असा नियम आहे. लुद्विक पाव उचलतो, त्याची पापी घेतो आणि परत क्रेटमध्ये ठेवतो. हे बरेच दिवस चाललं असावं. सोमवारी गाडीवाल्याने पाहिलं. तो जाऊन रेगिनाबाईंना म्हणाला, तुमच्याकडे हल्ली पावांना मुके देऊन पाठवतात वाटतं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आरोग्य खात्याच्या माणसाने हे पाहिलं असतं तर दाराला कुलूपच.

कालिनाने नवा फोटो लावला, त्यात पाव आणि डबा. लुद्विकने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाव क्रेटमध्ये नव्हता, डब्यातही नव्हता. मग तिने डब्यावर डुकराचं चित्र चिकटवलं. त्या डब्यातले पाव खरोखरच एका डुकरं पाळणाऱ्याकडे जातात.

"लुद्विक, हे बघा, पाव वाया जात नाही. डुक्कर खातं."

"पाव माणसांचा असतो," लुद्विक म्हणाला. "आई म्हणते."

शुक्रवारी त्याच्या कपाटातून वास यायला लागला. उघडलं तर आत पाव. हिरवे, निळे, केस आलेले. खाली त्याचा स्वच्छ रुमाल अंथरलेला.

रेगिनाबाई वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, एका पापीपायी सगळ्यांना घरी बसवू का? डिसेंबरात तीन महिने भरतात, २१ तारखेला निर्णय. तोवर हे सुटलं नाही तर त्या त्याला ठेवणार नाहीत.

"गेनोवेफाबाई," कालिना मला म्हणाली, "याच्यामागे काहीतरी आहे. घरी कधी काही झालं होतं का? तुम्ही त्याला काही सांगितलं होतं का? मला एवढं कळलं तरी मार्ग काढता येईल."

मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही.

काय सांगणार होते? पडलेल्या पावाची पापी आपल्याकडे कोण घेत नाही? माझी आई घ्यायची, तिची आई घ्यायची. माझ्या आईने युद्धानंतर भुसा मिसळलेला पाव खाल्लेला होता, ती चुरासुद्धा बोटाने टिपून तोंडात घालायची. याला कुणी घरी काही झालं म्हणतं का? शिवाय कालिना शिकलेली मुलगी आहे. पगार घेते. शोधून काढेल.

पुढच्या सोमवारपासून एक आठवडा त्याने घरी राहायचं आहे, तोवर त्या दोघी विचार करतील. आठवडाभर मला सकाळी सोबत होईल. बटाट्याचं सारण भरलेले पिएरोगी करणार आहे, त्याला आवडतात तसे, वरून परतलेला कांदा घालून.

आई


क्रोस्नो, ४ डिसेंबर

मार्झेना,

हे पत्र मी दोनदा लिहून चुलीत घातलं. हे तिसरं.

मी कालिनाशी खोटं बोलले. तुला ते मागचं पत्र वाचतानाच कळलं असेल. कारण तू सात वर्षांची होतीस, शाळेतून आलीस आणि डब्यातला उरलेला पाव कचऱ्यात टाकलास. मी तुला आधी थोबाडीत मारली. मग तो पाव बाहेर काढायला लावला, त्याची पापी घ्यायला लावली आणि तो हातात धरून तू संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर होतीस. लुद्विक चार वर्षांचा होता. तो टेबलाखाली बसून बघत होता. मार तू खाल्लास आणि शिकला तो. तू गेलीस की तुझ्या पद्धतीने जगायला. त्याच्या डोक्यात एकदा गेलेली गोष्ट जागची हलत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आणखी आहे. कपाटातले पाव सापडायच्या आधी तीन आठवडे मला त्याच्या कोटाच्या खिशात पाव सापडत होते, क्रेट भरून गेल्यावर पडलेले असावेत. मी ते गुपचूप शेजारच्या कोंबड्यांना घालत होते. बेकरीतले आहेत हे कळत होतं. काहीतरी बिघडतंय हेही कळत होतं. मी कुणाला काही बोलले नाही.

कारण मला बरं वाटत होतं. आता लिहिलंच आहे तर सरळ लिहिते. मला आनंद होत होता. काम सुटेल, तो घरी येईल, मी त्याची बटणं लावीन, आणि मी म्हणत होते तेच खरं होतं हे सगळ्यांना दिसेल. तुला दिसेल. माझ्या मुलाचं काम सुटावं म्हणून मी कोंबड्यांना पाव घालत होते.

मग तो आठवडा आला. सोमवारी साडेपाचला त्याचं घड्याळ वाजलं. मी आतून ओरडले, झोप, आज जायचं नाहीये. तो उठला. दात घासले, कोट घातला, टोपी घातली आणि बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला. हात मांडीवर. मी पिएरोगी नेले, खाल्ले नाहीत. टीव्ही लावला, तिकडे बघितलं नाही. नऊ वाजता उठून उभा राहिला, थोडा वेळ फिरला, परत बसला. अकरा वाजता टोपी काढली, घडी केली आणि म्हणाला, "सुटलं." मग येऊन जेवला.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी मी रडले, ओरडले, टोपी लपवून ठेवली. त्याने टोपीशिवाय बसून चार तास काढले. शुक्रवारी मी स्वतःच टोपी आणून दिली. तो मला "थँक यू, बाई" म्हणाला. बेकरीत रेगिनाबाईंना म्हणतो तसं.

मी त्याच्यासमोर दुसऱ्या खुर्चीवर बसले होते, मार्झेना. पाचही दिवस. आणि एवढा शहाणा माणूस मी आपल्या घरात दुसरा पाहिलेला नाही, तुझे बाबा धरून.

आता शेवटचं. सहा वर्षांपूर्वी तू तो कागद ठेवून हॉटेलवर झोपायला गेलीस, तेव्हा मी त्याला विचारलं होतं. तो "हो" म्हणाला होता. दोनदा म्हणाला. सकाळी मी तुला सांगितलं की तो रात्रभर रडला आणि नको म्हणतोय. तो शांत झोपला होता. रडले होते ती मी.

त्याला यातलं काही माहीत नाही. मेलीवर वीज पडो म्हणून कुणी मला शिव्या घातल्या असत्या तर आज बरं वाटलं असतं. तू घाल.

आई


क्रोस्नो, १२ डिसेंबर

मार्झेना,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. बरोबर आहे.

सोबत नाताळची पापडी पाठवते आहे, चर्चमधून आणलेली. सणाच्या संध्याकाळी मोडून खा. पोस्टात तुकडे झाले तर तुकडे खा.

लुद्विकला परत कामावर घेतलं होतं, पण पावाचं काही सुटलेलं नव्हतं. काल मी बेकरीत गेले. समोरच्या टपरीवर नाही, आत गेले. आदल्या दिवशी कालिनाला घरी बोलावून सगळं सांगितलं, थोबाडीत मारल्यापासून कोंबड्यांपर्यंत. मला वाटलं ती उठून जाईल. ती म्हणाली, "मग हे तुम्हीच सोडवू शकता, मी नाही. त्याने पाव टाकावा असं वाटत असेल तर तुम्हाला त्याच्यासमोर टाकावा लागेल." रात्रभर डोळ्याला डोळा नाही. फादरांना विचारून यावं असंही मनात आलं होतं, पण ते म्हणाले असते प्रार्थना करा, आणि प्रार्थनेने पाव डब्यात जात नाही.

सात वाजता पोचले. रेगिनाबाईंनी मला टोपी आणि पांढरा कोट दिला. लुद्विक क्रेट लावत होता. मला बघून त्याचा चेहरा असा झाला, जसा तुझा व्हायचा मी शाळेत आले की.

"आई, हे बेकरीचं आहे."

"माहितेय. पाच मिनिटं."

मी ट्रेमधून एक पाव उचलला आणि जमिनीवर टाकला. मुद्दाम. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. झेनोन भट्टीपासून वळून बघत होता.

आता तो पाव मीच उचलून डब्यात टाकायचा असं ठरलं होतं. पण ठरवताना कालिनाच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही, की मला वाकता येत नाही. नवा खुबा. मी काठीवर रेलून उभी, पाव माझ्या पायाशी, आणि सगळी बेकरी आम्हा दोघांकडे बघतेय. शेवटी लुद्विकच आला, वाकला, पाव उचलला आणि माझ्या हातात दिला. त्याची पापी मात्र घेतली नाही. माझी वाट बघत होता.

मी डब्याकडे गेले. डब्यावर ते डुक्कर हसत होतं. हात पुढे केला, आणि मार्झेना, शपथेवर सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप वर आला आणि मी त्या पावाची पापी घेतली. सगळ्यांसमोर. जे थांबवायला आले होते तेच.

कालिनाने डोळे मिटून घेतले. रेगिनाबाई म्हणाल्या, "अरे देवा, आता दोन झाले."

मला एवढी लाज वाटली की मी तो पाव घाईघाईने डब्यात टाकून दिला. धप्प आवाज झाला.

लुद्विक डब्यापाशी आला. आत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"टाकलास."

"टाकला."

"पापी घेऊन टाकलास."

"हो."

"तसं चालतं?"

मी म्हटलं, "इथे चालतं. घरी ताटात ठेवायचा. इथे पापी घ्यायची, निरोप द्यायचा आणि टाकायचा. मी सांगते ना, चालतं. मीच शिकवलं होतं, आता मीच सांगते."

लुद्विकने विचार केला. मग सिंककडे बोट दाखवलं. "हात धू."

मी हात धुतले.

कालिना रेगिनाबाईंकडे बघत होती. बाईंनी छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पापी घ्या नाहीतर लग्न लावा, माझ्या क्रेटमध्ये परत येता कामा नये. आणि नंतर तोंडही धुवायचं." झेनोन म्हणाला, "मग मलाही एक फोटो हवा, बायकोला दाखवायला." तेव्हा सगळे हसले. लुद्विक हसला नाही. त्याने ट्रेमधून एक पाव घेतला, खाली टाकला, उचलला, पापी घेतली, डब्यात टाकला, हात धुतले, तोंड धुतलं. मग दुसरा पाव घेतला. रेगिनाबाई किंचाळल्या, "पुरे, पुरे! कळलं!"

कालिनाने चार फोटो काढून पट्टीवर लावले. बाकीच्या तिन्हींत लुद्विक आहे. पापीच्या फोटोत मला उभं केलं, कारण तो म्हणाला, आईचा लावा, म्हणजे खरं वाटेल.

त्यानंतर मला जरा तिथे बसावंसं वाटत होतं. ऊब होती, वास चांगला होता. लुद्विक दार उघडून उभा राहिला.

"आई, आता जा. गाडी येईल."

गेले.

आई


क्रोस्नो, १३ जानेवारी २०१९

मार्झेना,

त्याला ठेवला. करार २१ तारखेला झाला, एका वर्षाचा, तेच चार तास. सही करायला बराच वेळ लागला. नाव पूर्ण ओळ ओलांडून पुढच्या रकान्यात गेलं. रेगिनाबाई पेन हातात देऊन शांत उभ्या होत्या आणि झेनोन म्हणत होता, घाई नको, मंत्र्यांच्या सह्या अशाच असतात.

पण हे तुला ठाऊक आहे. तुला सगळंच ठाऊक होतं. ते मला बुधवारी कळलं.

कालिना आता बेकरीत येणार नाही. ती मागे सरकत सरकत दाराबाहेर पोचली. महिन्यातून एकदा चौकशी करेल, बाकी फोन. त्यासाठी एक कागद भरायचा होता, कामावर काही अडलं तर कुणाला कळवायचं त्याचा. दोन ओळी, दोन नावं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. मी चष्मा घातला आणि पहिल्या ओळीत माझं नाव लिहायला घेतलं.

"तिथे नको," लुद्विक म्हणाला. "तिथे मार्झेना."

"अरे, मार्झेना फोन उचलत नाही."

"तुझा उचलत नाही," तो म्हणाला. "माझा उचलते."

कालिना तिच्या कपात बघायला लागली. लुद्विकने खिशातून फोन काढला. हा फोन कालिनाने त्याला ऑक्टोबरातच दिला होता. मी तुला लिहिलं नाही, कारण मला विचारल्याशिवाय दिला म्हणून माझ्या डोक्यात राग होता. त्याला आकड्यांऐवजी फोटोंची बटणं आहेत. एकावर कालिना, एकावर मी, एकावर रेगिनाबाई. आणि एकावर तू, वाऱ्याने केस तोंडावर आलेली. तुझ्या कुठल्यातरी नाताळच्या कार्डावर नंबर होता म्हणे. कार्ड त्याने गादीखाली ठेवलं होतं.

"कधी करतोस?"

"नऊच्या सुट्टीत."

"रोज?"

"घरी बसलो होतो तेव्हा नाही. तेव्हा सुट्टी नव्हती."

मग तो म्हणाला, "ती तुझी पत्रं वाचून दाखवते. टपरीचं वाचलं. डुकराचं वाचलं. डुकराचं दोनदा."

मी पेन खाली ठेवलं. मी विचारलं, "सगळी वाचली?"

"एक नाही. पापडीच्या आधीचं. मार्झेना म्हणाली, ते तिच्याकडेच राहणार."

"का?"

"मी विचारलं. ती म्हणाली, आईला बरं नव्हतं तेव्हा लिहिलंय, त्यात विशेष काही नाही."

मी उठले आणि चुलीवरची केटली उतरवली. तिच्यात पाणीच नव्हतं. कालिना म्हणाली, बसा, मी करते चहा. मी बसले.

मग मी त्याला विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला राहवेना, की पहिल्या ओळीत मी का नको.

"तुला फोन केला की तू येतेस," तो म्हणाला. "मार्झेना येत नाही. ती विचारते, तुला काय वाटतं?"

पहिल्या ओळीत तुझं नाव लिहिलं. नंबर त्याने फोनवरून एकेक आकडा दाखवला आणि मी उतरवला, माझ्याकडे आहे तोच. मी त्यावर आता फोन करणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू कर. दुसऱ्या ओळीत माझं नाव आहे.

त्या पत्रातलं त्याला मी सांगणार आहे. तू सांगू नकोस, ते माझं काम आहे. कधी सांगेन ते ठाऊक नाही, पण मरायच्या आधी सांगेन.

बाकी सगळं ठीक. पाय सुधारतो आहे. थंडी बरीच आहे.

ते पत्र तू त्याला वाचून दाखवलं नाहीस. आज एवढंच लिहायला बसले होते.

आई